नंतरचा श्वास

स्टुडिओत तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत. दोघांचं काम एकच होतं. मालिकेचं चित्रीकरण झालं की सेटवर टिपलेले बहुतेक आवाज निकामी ठरत. कुठे दिव्यांची गुणगुण, कुठे शेजारच्या सेटवर सुताराची ठोकाठोक. मग हे दोघं एका बंद खोलीत पडद्यासमोर उभे राहून ते सगळे आवाज नव्याने करत. पावलं, दारं, पेले, किल्ल्यांचा जुडगा, रेशमी वस्त्राची सळसळ. पडद्यावरच्या माणसाचा पाय टेकला की त्याच क्षणी इकडे पाय टेकायचा. चुकलं की पुन्हा.

खोलीची जमीन चौकोनांत वाटलेली होती. एकात खडी, एकात दगडी फरशी, एकात लाकूड, एकात जुना गालिचा. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, एसी बंद. कपडे सुती आणि सैल, अंगावर वाजेल असं काही नको, आणि उपाशी यायचं नाही, कारण माइक पोटाचंही ऐकतो. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट स्पीकरवरून सांगायचा, "मालक रागावलेत आणि मागे कुणाचं तरी पोट बोलतंय. पुन्हा घेऊ."

"माझं नाही हं, ह्यांचं," ती म्हणायची.

"माझं पोट सुरात बोलतं," भाऊ म्हणायचे.

मालिका घोडागाड्यांच्या आणि तेलाच्या दिव्यांच्या काळातली होती. एक मोठं घराणं, आणि त्याचा कर्ता पुरुष, ज्याला मालिकेतली माणसं मालक म्हणत आणि बघणारेही. मालक नोकरांवर खेकसायचा, भावाचा वाटा गिळायचा, बायकोच्या खोलीत दार न वाजवता शिरायचा. मग भागाच्या शेवटी खिडकीशी एकटा उभा राहून असा काही दूरवर बघायचा की लोक म्हणत, बिचारा. त्याची चालही प्रसिद्ध होती. आधी टाच, मग एक दम, मग चवडा. दिवाणखान्यात तो यायच्या आधी त्याचे बूट यायचे. भाऊंना या चालीसाठी एक बक्षीस मिळालं होतं आणि ते घेताना त्यांनी सांगितलं होतं की ही चाल आपण आपल्या वडिलांवरून उचलली.

चाल वडिलांची होती हे खरं. पण भाऊंचा गुडघा मालिकेच्या आधीच गेला होता आणि ती चाल पहिल्या भागापासून वहिनी चालत होती. मोठ्या मापाचे बूट, पुढे कापड कोंबलेलं, आणि मांडीपर्यंत ताठ ठेवलेला पाय. हे दोघांना आणि रेकॉर्डिस्टला माहीत होतं. झाकली मूठ तशीच राहू द्यावी यावर तिघांचं न बोलता एकमत होतं.

थप्पडीच्या भागाची जाहिरात बरेच दिवस चालू होती. मालक पहिल्यांदाच बायकोवर हात उचलणार होता. दिग्दर्शक एरवी या खोलीकडे फिरकत नसे. त्या दिवशी तो स्वतः आला आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

थप्पडीचा आवाज करायची ठरलेली रीत होती. फळीवर ओलं चामडं पसरायचं आणि त्यावर तळहात मारायचा. भाऊंनी मारला.

"चामडं वाजतंय," स्पीकरवरून दिग्दर्शक म्हणाला.

भाऊंनी चामड्याची घडी घातली, पुन्हा मारला.

"आता धुणं आपटल्यासारखं वाटतंय."

आणखी काही प्रयत्न झाले. खोली तापली. भाऊंनी कपाळ पुसलं.

"भाऊ, हात म्हातारा झाला की काय? मालकांचा हात आहे हा."

दिग्दर्शक हसला म्हणून रेकॉर्डिस्टही हसला. भाऊ हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "वस्त्र आणि थप्पड वेगवेगळी घेतो म्हणून खोटं वाटतंय. एकाच माइकवर घेऊ. ये गं इकडे."

ती माइकजवळ येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत रेशमी वस्त्र होतं. थप्पड बसते त्या क्षणी बायकोचा चेहरा वळतो आणि पदर हलतो. तो पदर तिला हलवायचा होता. लाल दिवा लागला. तिचे डोळे पडद्यावर होते. मालकाने हात उचलला.

पहिल्यांदा तिला वाटलं, वरून काहीतरी पडलं. दिव्याचं भांडं वगैरे. डाव्या कानात एकदम शिट्टी सुरू झाली आणि खोली तिरपी झाली. मग तिने पाहिलं की वर सगळं जागच्या जागी आहे आणि भाऊंचा हात तिच्या चेहऱ्यापासून हळूहळू खाली येतोय.

वस्त्र तिने वेळेवर हलवलं होतं.

स्पीकर खरखरला. मग दिग्दर्शकाचा आवाज आला, खालच्या पट्टीत, देवळात बोलावं तसा.

"हे. हे पाहिजे होतं. आणि ते नंतरचं जे आहे, तो श्वास आत जातो आणि अडकतो, तो वहिनींचा का? तो ठेवा. त्याला कुणी हात लावायचा नाही."

भाऊंनी काचेकडे बघून एक बोट वर केलं. एका टेकमध्ये, असा त्याचा अर्थ. मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "फार नाही ना लागलं?"

"नाही," ती म्हणाली.

पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो या उत्तराचा. पण त्या वेळी तोंडातून तेच आलं. आणि पडदा पुढे सरकला होता. थप्पड मारून मालक खोलीतून बाहेर पडतो, लाकडी जिना उतरतो, अंगणातल्या खडीवरून तबेल्याकडे जातो. भाग दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता. तिने बूट चढवले आणि मालकाला खोलीतून बाहेर नेलं. टाच, दम, चवडा. तबेल्यात मालक घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून रडला. घोड्याचं फुरफुरणं भाऊंनी केलं.

घरी जाताना भाऊंनी स्कूटर फळवाल्यापाशी थांबवली. ते खुशीत होते. एकेक फळ दाबून बघत होते.

"तो माणूस कुणाचं कौतुक करत नाही," ते म्हणाले. "आज केलं."

तिने स्कूटरच्या आरशात पाहिलं. गालावर बोटं उमटलेली नव्हती, नुसती सूज होती. एखादी दाढ दुखतेय म्हणून खपलं असतं.

"मला विचारलं का नाहीत?" तिने विचारलं.

"काय?"

"मारायच्या आधी."

भाऊंनी फळवाल्याकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन तिला बाजूला आणलं. "मारायच्या काय. हळू बोल. विचारलं असतं तर तू अंग आक्रसून घेतलं असतंस. मग तो आवाज आला असता का? तूच सांग, तुलाही यातलं कळतं."

तिला यातलं कळत होतं. तो आवाज आला नसता. आपण मान डोलावतोय हे लक्षात आल्यावर तिने ती थांबवली.

"तो आवाज काढायला सांगा. आज सांगितलंत तर होईल."

"वेड लागलंय का तुला? असा आवाज जन्मात एकदा मिळतो."

"माझ्या तोंडावर मिळाला तो."

"हे बघ, मी कधी हात उचललाय तुझ्यावर? इतक्या वर्षांत? आमच्या घरात बाईवर हात टाकायची रीतच नाही. माझ्या बाबांनी आईला कधी 'ए' म्हणून हाक मारली नाही. कामातली गोष्ट उगाच घरात आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दिग्दर्शकाच्या खोलीत गेली. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. तिचं म्हणणं ऐकून त्याचा चेहरा खरोखर उतरला.

"मला धक्काच बसला, वहिनी," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हाला त्याचा त्रास होत असेल असं डोक्यातच आलं नाही. आपण ही थप्पड कशासाठी दाखवतोय? बघणाऱ्या पुरुषाला लाज वाटावी म्हणून. मालक दोषांचा पुतळा आहे, तो दोषी आहे म्हणून तर खरा आहे. तुमचा तो श्वास म्हणजे हजारो बायकांचा श्वास."

"हजारोंचा नाही, माझा आहे."

"अगदी. म्हणूनच तो इतका खरा आला."

"मग तो मी नको म्हणते."

दिग्दर्शकाने चहाची बशी जरा सरकवली. "मिक्स झालंय, वहिनी. आता भाग उघडायचा म्हणजे चॅनेलपर्यंत उत्तरं द्यावी लागतील. आणि मी काल विचारलं होतं ना. मी असा न विचारता काही वापरत नाही."

"कुणाला विचारलंत?"

"भाऊंना," तो म्हणाला. "त्यांनी आनंदाने हो म्हटलं."

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, चोरी पकडल्याचा भाव नव्हता. ताकाला जाऊन त्याने भांडंही लपवलं नाही, कारण भांडं आपलंच आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. ती चहा न घेताच उठली.

त्या संध्याकाळी भाग लागला तेव्हा घरात भाऊ होते, सासूबाई होत्या आणि नेहमीप्रमाणे शेजारच्या काकू आल्या होत्या. काकूंचा टीव्ही चांगला होता, पण मालिका बघताना बोलायला त्यांना कुणीतरी लागे आणि त्यांचा नवरा मध्ये बोलू देत नसे. मालकावर त्यांचा जीव होता.

"चुकतो तो, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुरुषाचा राग म्हणजे दूध उतू जाण्यातला प्रकार. गॅस बारीक करायचा, आपोआप बसतं. हिला तेवढंच जमत नाही."

सासूबाई कधी काही बोलत नसत. मालिका मात्र चुकवत नसत. मालक जिन्यावरून उतरायला लागला की पाणी प्यायला उठत आणि तो खाली पोचला की परत येऊन बसत. घरात सगळे म्हणत, आईंना घोट घोट पाण्याची सवय आहे.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पुढे काय येणार हे तिला फ्रेम न् फ्रेम माहीत होतं. तरी मालकाचा हात वर गेला तेव्हा तिने चौकट धरली.

आवाज आला. आणि मागोमाग तो श्वास.

स्टुडिओत तिने तो ऐकला नव्हता. त्या वेळी कानात शिट्टी होती. आता घरात, त्या साध्या टीव्हीतून, तिने स्वतःला पहिल्यांदा ऐकलं. पडद्यावरच्या नटीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून वहिनीचा श्वास आत चालला होता.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. मग जरा सावरून, "पण तीही जास्तच बोलली हो. घरातलं असं चारचौघांत काढायचं का?"

सासूबाईंनी रिमोट उचलून आवाज बंद केला. मालक मुक्यानेच दारातून बाहेर पडला.

"ही कुणाला मारली?" त्यांनी विचारलं.

"बायकोला," काकू म्हणाल्या. "लक्ष कुठे होतं तुमचं?"

"टीव्हीतलं नाही विचारत." त्या भाऊंकडे बघत होत्या. "खरी कुणाला मारलीस?"

भाऊ हसले. "हीच तर गंमत आहे, आई. इतकी खरी वाटली ना? आम्ही चामडं भिजवतो, आणि..."

"चामडं श्वास घेतं का?"

भाऊंचं हसू तोंडावरच राहिलं.

"मार बसल्यावर बाई आधी ओरडत नाही," सासूबाई म्हणाल्या. भाजी निवडताना बोलावं इतक्या सहज त्या बोलत होत्या. "आधी श्वास आत जातो आणि तिथेच राहतो. ओरडायला उशीर लागतो. ज्यांनी मार खाल्लेला नसतो ते लगेच ओरडतात, नाटकात वगैरे." मग मान वळवून त्यांनी सुनेच्या गालाकडे पाहिलं. "दाढ दुखतेय म्हणालीस सकाळी."

वहिनीने चौकट सोडली.

"माझं दूध राहिलंय गॅसवर," असं म्हणत काकू उठल्या. दारातून बाहेर पडताना त्यांनी चपला हातात घेतल्या, पायात घालायलाही थांबल्या नाहीत.

"आई, ते काम होतं," भाऊ म्हणाले. "तुला त्यातलं कळणार नाही. आपल्या घरात हे असलं कधी..."

"तुझे बाबा आधी रेडिओ मोठा करायचे," सासूबाई म्हणाल्या.

भाऊ ही रेडिओची गोष्ट सगळ्यांना सांगत. वडील संध्याकाळी रेडिओ मोठ्याने लावत. लहानपणी आपण त्याला कान लावून नाटकं ऐकायचो, त्यातली पावलं, त्यातली दारं, आणि आपला कान तिथेच तयार झाला. प्रत्येक मुलाखतीत ही गोष्ट असे. छापूनही आली होती.

"तुला रेडिओपाशी बसवायचे आणि कळ फिरवायचे. तू खूश असायचास. मी म्हणायचे, पोराला निदान नाटकं ऐकायला मिळतात." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "शेजारी म्हणायचे, यांच्याकडे किती हौस आहे."

बंद आवाजात पडद्यावर मालक घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून रडत होता.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनीला वाटलं, आता हे आपल्याकडे बघतील. आता यांना कळेल. ती दारातून एक पाऊल पुढेही आली.

"हे तू मला आत्ता सांगतेस?" भाऊ आईला म्हणाले.

"तू कधी विचारलंस?"

"एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंस. निदान माझे बाबा तरी माझ्यासाठी ठेवायचे होतेस, आई. मी लोकांना काय सांगत होतो इतके दिवस?" ते खुर्चीत पुढे सरकले. "माझा काही विचार केलास का तू?"

सासूबाई टीव्ही बंद करून उठल्या. जाताना सुनेच्या हातावर हात ठेवला, नुसता टेकवला आणि उचलला.

त्यानंतर तो आवाज सगळीकडे सुरू झाला. दिग्दर्शकाने त्याचा प्रोमो केला. काळा पडदा, थप्पड, तो श्वास, आणि मग अक्षरं: मालकांना माफी मिळेल का? हा प्रोमो दर जाहिरातीच्या वेळी लागे. किराणावाल्याच्या दुकानात टीव्ही होता. ती साबण मागत होती आणि डोक्यावरून तिचा स्वतःचा श्वास आला. दुकानदार न बघता म्हणाला, "जबरदस्त बसली हो." लाँड्रीत, दवाखान्याच्या बाकावर, वरच्या मजल्याच्या खिडकीतून. लोकांनी फोनवर एकमेकांना पाठवला. काकूंच्या नातवाने मेसेज आल्याच्या सूचनेसाठी तोच आवाज लावला, आणि काकूंनी त्याला तो काढायला लावला. का ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनीशी नजर मात्र चुकवू लागल्या.

पुढच्या भागाचं काम आलं. भाग एकदा सलग बघायचा आणि मग आवाजांना लागायचं, अशी पद्धत होती. दोघांनी बघितला. भाग मालकाच्या पश्चात्तापाचा होता. मालक जेवत नाही. मालक जिन्यात थांबतो. मालक आईच्या पायाशी बसतो. मालक पेला फोडतो, हाताला काच लागते, त्या हाताकडे बघत राहतो. त्याच्यासाठी पावलं, उसासे, खुर्चीचं करकरणं, काचांचा खळ्ळकन आवाज, सगळं होतं. ती बायको कशी बसते, कशी उठते, कुठल्या दारातून कुठे जाते यासाठी काहीच नव्हतं. कॅमेरा त्या खोलीत गेलाच नव्हता. संपूर्ण भागात तिच्या वाट्याला एकही आवाज नव्हता. होता तो फक्त सुरुवातीला, मागच्या भागाची आठवण म्हणून, आणि तोही तिचा नव्हता.

दिग्दर्शक नवा प्रोमो तपासायला आलाच होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसला होता. पडद्यावर मालक जिन्याच्या वर उभा होता आणि लाल दिवा लागायचा होता. वहिनीने बूट घातलेले होते. तिने वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

"तो आवाज सगळीकडून काढा," ती माइकमध्ये म्हणाली. "तोवर मी मालकांना चालवणार नाही."

"वहिनी, भाग आज द्यायचाय," स्पीकरमधून दिग्दर्शक म्हणाला. आवाजात समजूत होती. "तुम्ही बसा, आराम करा. मालकांना भाऊ चालवतात ना. भाऊ, घ्या."

भाऊ खुर्चीवरून उठले. बुटांकडे बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक बूट उचलला, त्यात हात घातला आणि आत कोंबलेलं कापड बाहेर काढलं. बूट पायात घालून लाकडाच्या चौकोनात आले. दिवा लागला. मालक जिना उतरू लागला.

टाच वाजली. दम झाला. चवडा घसटला. दुसरा पाय आला तो घाईघाईने, पहिल्याला सावरायला. तिसऱ्या पायरीवर भाऊंनी भिंतीला हात लावला आणि तो हातही वाजला.

"भाऊ?" दिग्दर्शक म्हणाला. "काय चाललंय? ही मालकांची चाल आहे का?"

"गुडघा जरा आज..." भाऊ म्हणाले.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन काढला. तो भित्रा माणूस होता. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे त्याचं ब्रीद होतं. स्पीकर चालूच राहिला होता, त्यामुळे त्याचं बोलणं या खोलीतही ऐकू आलं.

"सर, मालकांचं पहिल्यापासून प्रत्येक पाऊल वहिनींचं आहे."

काचेतून दिसलं की दिग्दर्शक आधी भाऊंकडे, मग तिच्या अनवाणी पायांकडे बघतोय. तो खरोखर हादरला होता. तिच्या गालाबद्दल ऐकताना त्याचा चेहरा उतरला होता, आता त्याला रंगच राहिला नव्हता.

"म्हणजे ते बक्षीस..." तो म्हणाला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. "काढ तो आवाज," त्याने रेकॉर्डिस्टला सांगितलं.

"मागच्या भागाच्या मिक्समधूनही?"

"सगळीकडून. प्रोमो परत कर. चॅनेलला मी सांगतो, आवाजात दोष होता."

त्याने दोन फोन केले. पहिल्या फोनवर हसलासुद्धा. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. रेकॉर्डिस्टने तिला काचेजवळ बोलावून दाखवलं: इथून पुसला, इथून पुसला, साठ्यातूनही पुसला. लोकांच्या फोनवर जो गेला होता तो गेलाच होता, त्याला इलाज नव्हता. पण टीव्हीवर तो पुन्हा लागणार नव्हता.

भांडावं लागेल म्हणून तिने वाक्यं जुळवून आणली होती. एकही लागलं नव्हतं. गाल तिचा आहे असं सांगून जे होत नव्हतं, ते पाय तिचे आहेत म्हटल्यावर चहाच्या कपाच्या अवधीत झालं होतं.

"थप्पडीच्या जागी आता काहीतरी लागेल," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

तिनेच चामडं भिजवलं, फळीवर पसरलं आणि हात मारला. एकदाच.

"चालेल," स्पीकरमधून दिग्दर्शक म्हणाला. तो फोनवर काहीतरी वाचत होता, मानही वर केली नाही. "प्रेक्षकाला काय कळतंय."

तिने ओलं चामडं पिळून बाजूला ठेवलं. मग कापड परत बुटांत कोंबलं, बूट चढवले आणि कबूल केल्याप्रमाणे मालकाला जिन्यावरून खाली आणलं, जेवणाच्या खोलीपर्यंत नेलं, आईच्या पायाशी बसवलं. भाग वेळेत गेला.

बाहेर ऊन कलत होतं. भाऊंनी स्कूटर काढली होती, पण किल्ली लावली नव्हती.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" ते म्हणाले. "माझी अब्रू चारचौघांत जायची ती गेली. असू दे. मी काही बोललो का? बस आता."

ती बसली नाही.

"काय केलंत ते एकदा मला सांगा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून."

"काय केलं म्हणजे? त्या टेकला..."

"टेक नाही."

"अगं, तो आवाज..."

"आवाज पुसला. तो आता नाही. तरी माझा डावा कान अजून नीट ऐकत नाही. तर काय केलंत तुम्ही?"

भाऊंनी तोंड उघडलं. फाटकाशी पहारेकरी उभा होता. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हँडलकडे, मग आपल्या हाताकडे, आणि तो हात खिशात घातला.

"घरी बोलू," ते म्हणाले.

"मी घरी येत नाही. बहिणीकडे जातेय. आईंना सकाळीच सांगून आलेय."

"आईला? म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं सगळं? आणि कधी येणार आहेस?"

"तुम्हाला सांगता आलं की फोन करा."

ती फाटकातून बाहेर पडली आणि बसच्या थांब्याकडे वळली. मागून भाऊंनी हाक मारली. त्यांनी वहिनी म्हटलं नाही, अगं म्हटलं नाही. तिच्या नावाने हाक मारली, जी स्टुडिओच्या आवारात कुणी कधी ऐकली नव्हती. ती थांबली आणि वळली. भाऊ स्कूटर सोडून चार पावलं पुढे आले होते, लंगडत, आणि त्यांचे ओठ हलत होते. तिला वाटलं, आता सांगतील.

"उद्या सकाळचं रेकॉर्डिंग आहे," भाऊ म्हणाले.